चतकोर गोळीचा हिशेब: फिट येणाऱ्या मांजरासाठी नाशिकात काय घ्यावं, काय घेऊ नये

चार किलोच्या मांजराला फिनोबार्बिटोन हे फिटचं औषध सुरू होतं तेव्हा चिठ्ठीवर बहुधा एवढंच असतं: गार्डिनल ३०, पाव गोळी, दिवसातून दोनदा. गार्डिनल हे त्याच औषधाचं बाजारातलं नाव, ३० म्हणजे तीस मिलिग्रॅमची गोळी. वाचायला सोपं आहे. करायला बसलं की कळतं. शर्टाच्या बटणाहून लहान गोळीचे चार भाग करायचे, ते मांजराच्या घशाखाली उतरवायचे, आणि हे दर बारा तासांनी, बहुतेक वेळा आयुष्यभर. या कामासाठी बाजारात पुष्कळ सामान मिळतं. पेट शॉपच्या काचेच्या कपाटात मांडलेलं बरंचसं दिखाऊ आहे, आणि जे खरंच लागतं त्यातलं बरंचसं गोळे कॉलनीतल्या औषधांच्या दुकानांच्या एका फेरीत येतं. इथे प्रत्येक वस्तू एकाच कसोटीवर पाहिली आहे: ठरलेला डोस ठरलेल्या वेळी पूर्ण पोटात जातो का.

आधी फिट कसली ते

सामान घ्यायच्या आधी एक अट. कुत्र्यांमध्ये कारण न सापडणारा अपस्मार बराच दिसतो. मांजराच्या बाबतीत तसं गृहीत धरून चालत नाही. मेंदूचाच काही आजार, किंवा शरीरात दुसरीकडे काही बिघडल्यामुळे येणारी फिट, हे मांजरांत तुलनेने जास्त. तरुण मांजरात एफआयपी (मांजरांच्या कोरोनाविषाणूचा आजार), टॉक्सोप्लाझ्मा (एक परजीवी). म्हाताऱ्या मांजरात मेंदूवरची गाठ, वाढलेला रक्तदाब, किडनी. इन्सुलिन चालू असेल तर साखर उतरणं. म्हणून गार्डिनलची पट्टी हातात यायच्या आधी रक्तातली साखर, किडनी, लिव्हर, पेशींची मोजणी, रक्तदाब, एफआयव्ही-एफईएलव्हीची (मांजरांच्या एड्स आणि ल्युकेमियाच्या विषाणूंची) किट-टेस्ट आणि वय झालेलं असेल तर थायरॉइड, एवढं झालेलं हवं. हे न करता पहिल्याच भेटीत वर्षभराची गोळी लिहून मिळाली तर ती सेवा स्वस्त वाटली तरी महाग पडते.

नाशिकात आणि आजूबाजूच्या द्राक्षपट्ट्यात एक कारण फार सहज घडतं. कुत्र्याच्या गोचिडांसाठी मानेवर टाकायचं पर्मेथ्रिनचं औषध, किंवा गोठ्यातल्या जनावरांसाठी कृषी सेवा केंद्रातून आणलेलं सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन पाण्यात कालवून मांजराला लावलं जातं. कुत्र्याला किंवा गाईला जे सोसतं ते मांजराचं लिव्हर फोडूच शकत नाही. काही तासांत कान फडफडणं, अंग थरथरणं, मग फिट. फिट चालू नसेल आणि मांजर शुद्धीवर असेल तर कोमट पाणी आणि भांडी घासायचं लिक्विड वापरून धुवा. कढत पाण्याने औषध कातडीतून आणखी शोषलं जातं आणि गार पाण्याने मांजर गारठतं. मग दवाखाना. या मांजराला रोजच्या गोळीची गरज नाही, औषध उतरलं की विषय संपतो. कुत्र्यालाच असं औषध लावलं असेल तर ते वाळेपर्यंत मांजर त्याच्या अंगाला लागून झोपणार नाही हे बघा. पिसवांसाठी कापूर, निलगिरी किंवा टी-ट्री तेल लावण्याचा सल्लाही धुडकावा. कापूर पोटात गेला की स्वतःच फिट आणतो, आणि मांजर अंगावरचं सगळं चाटतं.

दुसरं कारण मासळीचं. कच्च्या माशांत थायमिनेज असतं, ते बी-१ जीवनसत्त्व मोडून टाकतं. रोज कच्ची मासळीच खाणाऱ्या मांजराची मान छातीकडे झुकते, बुबुळं मोठी होतात, चाल लडखडते आणि मग फिट येते. वेळेत ओळखलं तर थायमिनच्या, म्हणजे बी-१ च्याच, इंजेक्शनने हे झपाट्याने सुधारतं. आणि लस न झालेलं, बाहेर फिरणारं मांजर अचानक चावरं होऊन फिट देत असेल तर रेबीज मनात धराच. त्याला हात लावू नका. चावलं किंवा ओरखडलं तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुवून थेट सिव्हिल हॉस्पिटल गाठा.

फिट कशी ओळखायची? मोठी फिट चुकत नाही: मांजर आडवं पडतं, ताठ होतं, पाय पोहल्यासारखे हलतात, लाळ येते, लघवी होते, आणि बहुधा मिनिटा-दोन मिनिटांत संपतं. नंतर काही वेळ ते आंधळ्यासारखं भिंतीला धडकतं, येरझाऱ्या घालतं किंवा हपापल्यासारखं खातं. छोटी फिट फसवते. चेहऱ्याची एकच बाजू उडते, तोंड चावल्यासारखं चालतं, लाळ गळते, नाहीतर शांत बसलेलं मांजर एकदम उठून सैरावैरा पळत सुटतं. हृदयाच्या आजाराने येणारी चक्कर वेगळी असते: मांजर लुळं पडतं आणि लगेच भानावर येतं. तोंडी वर्णनावरून डॉक्टरलाही हे सांगणं अवघड जातं, त्यामुळे पहिली वस्तू तिथूनच.

कॅमेरा

घरातल्या सीसीटीव्हीचा साधा वायफाय कॅमेरा, रात्री अंधारात दिसणारा आणि मेमरी कार्ड बसणारा, ही या यादीतली सर्वांत वसूल खरेदी. फिट बऱ्याचदा झोपेत किंवा आरामात असतानाच येते, आणि घरचे तेव्हा शेजारच्या खोलीत असतात. झोपायच्या जागेपासून दीड-दोन मीटरवर, पूर्ण शरीर दिसेल असा खाली तोंड करून लावा. मांजरांसाठी म्हणून विकले जाणारे, खाऊ फेकणारे कॅमेरे घेऊ नका. पैसे खाऊच्या यंत्राचे जातात आणि रात्रीचं चित्र साध्या कॅमेऱ्याइतकंच येतं. फिट समोर घडत असेल तर फोनने शूटिंग करा, त्यात वेळ आपोआप मोजला जातो. पाच मिनिटं ओलांडली किंवा चोवीस तासांत दुसरी फिट आली तर ती तातडीची केस. रोजचं औषध सुरू करायचं की नाही हेही साधारण यावरच ठरतं: सहा महिन्यांत दोन किंवा अधिक फिट, किंवा एकच पण पाच मिनिटांहून लांब, किंवा एकामागोमाग एक.

गोळी कापायचं कटर

मेडिकलमध्ये मिळणारी प्लास्टिकची डबी, आत व्ही आकाराची खाच आणि झाकणाला पातं. अर्ध्या भागापर्यंत हे कटर उत्तम. चतकोर करताना घोटाळा होतो, कारण अर्धी गोळी खाचेत सरळ बसत नाही, पातं तिला दाबून सरकवतं आणि एक तुकडा मोठा, एक छोटा, वर थोडी भुकटी. घेताना पातं बोटाने हलवून बघा; डुगडुगत असेल तर परत ठेवा. खाचेत रबराची पट्टी असलेलं मिळालं तर तेच घ्या, गोळी घसरत नाही. किचनच्या सुरीने पाटावर कापलेली गोळी निम्मी फरशीवर जाते.

तुकडे अगदी सारखे आले नाहीत म्हणून मात्र घाबरायचं कारण नाही. मांजराच्या रक्तातलं फिनोबार्बिटोन निम्म्यावर यायला साधारण दोन-तीन दिवस लागतात. एका गोळीचे चारही तुकडे ओळीने दिले तर दोन दिवसांत तीस मिलिग्रॅमच पोटात जातात आणि रक्तातली पातळी फारशी हलत नाही. अट एवढीच, की एका वेळी एकच गोळी कापायची, आणि ती संपल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. दहा गोळ्या एकदम कापून डबीत ठेवल्या की हा हिशेब मोडतो: आधी मोठे तुकडे उचलले जातात आणि तळाशी भुकटी उरते. नुकसान असमान तुकड्यांनी होत नाही, सांडलेल्या भुकटीने होतं.

त्यामुळे सराफ बाजारात किंवा ऑनलाइन मिळणारा खिशातला डिजिटल काटाही घेऊ नका. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा दहा मिलिग्रॅमच्या पायऱ्यांनी चालतो. गोळीचं एकूण वजन शंभर-सव्वाशे मिलिग्रॅमच्या घरात असेल तर चतकोर तुकडा पंचवीस-तीसचा होतो, आणि काट्याची एक पायरी म्हणजे डोसचा तिसरा हिस्सा. असल्या मोजण्यापेक्षा डोळ्यांनी केलेला अंदाज बरा.

गोळी पाण्यात विरघळवून सिरिंजने चौथा हिस्सा द्यायचा, ही युक्ती फार जणांकडून ऐकायला मिळते आणि ती चूक आहे. फिनोबार्बिटोन पाण्यात जेमतेम विरघळतं, एका मिलिलिटरला एक मिलिग्रॅमच्या आसपास. तीस मिलिग्रॅमची गोळी चार मिलि पाण्यात टाकली तर बहुतेक औषध तळाशी बसतं. पहिल्या मिलिलिटरमध्ये नुसतं खडूचं पाणी आणि शेवटच्यात जवळजवळ दोन दिवसांचा डोस, असंही होऊ शकतं.

रिकामी कॅप्सूल

गोळी देण्याच्या सामानात हिला पहिला नंबर. आयुर्वेदिक औषधांच्या ठोक दुकानांत रिकाम्या जिलेटिनच्या कॅप्सूल शेकड्यावर मिळतात. आकडा जितका मोठा तितकी कॅप्सूल लहान: मांजरासाठी चार किंवा पाच नंबर मागा. दुकानदार सवयीने शून्य नंबर काढतो, ती मांजराच्या घशाला फार मोठी. एका गोळीचे चार तुकडे केले की प्रत्येक तुकडा त्याच्या वाटणीच्या भुकटीसह एकेका कॅप्सूलमध्ये भरायचा. भुकटी वाया जात नाही, कडू चव लागत नाही, तोंडाला फेस येत नाही, आणि दोन दिवसांच्या चार कॅप्सूल डबीत तयार. पावसाळ्यात जिलेटिन ओल धरतं आणि चिकटतं. काचेच्या छोट्या बरणीत, औषधाच्या बाटलीतून निघालेली सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा.

एक गोष्ट चुकवायची नाही. कोरडी गोळी किंवा कॅप्सूल मांजराच्या अन्ननलिकेत अडकून बसू शकते, आणि तिथे जखम होते. प्रत्येक डोसनंतर पाच-सहा मिलि पाणी सिरिंजने गालाच्या बाजूने सावकाश द्या, किंवा लगेच ओलं खाणं पुढे करा. चिडवून, मान मागे ओढून, जोराने पिचकारी मारली तर पाणी फुप्फुसात जातं.

पिल गन आणि मलईदार खाऊ

पिल गन म्हणजे प्लास्टिकची नळी, टोकाला रबराची पकड, मागे दट्ट्या. चतकोर तुकड्यासाठी ती बिनकामाची, तुकडा पकडीतून गळतो. कॅप्सूलसाठी चांगली. रबर मऊ असेल तीच निवडा. स्वस्तातल्या गनचं रबर काही महिन्यांत कडक होतं आणि चावऱ्या मांजराने तोडलेला तुकडा पोटात जातो. रीत अशी: मांजराची पाठ स्वतःकडे, डोकं थोडं वर, गन सुळ्याच्या मागच्या फटीतून आत, जिभेच्या मुळाशी नेऊन दट्ट्या दाबा आणि लगेच बाहेर. घशात खुपसायची नाही.

ज्या मांजराला भूक आहे त्याच्यासाठी गनची गरजच पडत नाही, आणि गार्डिनलवर असलेल्या मांजराला भूक भरपूर असते. मलईसारखा, चाटून खायचा पंधरा ग्रॅमच्या पुडीतला खाऊ आता कॉलेज रोडपासून सिडकोपर्यंत कुठेही मिळतो. पहिला घास नुसता, दुसऱ्यात कॅप्सूल, तिसरा लगोलग नुसता. पाव पुडी पुरते. पूर्ण जेवणात औषध मिसळणं मात्र वाईट: मांजर अर्धं ताट सोडून उठलं की किती डोस गेला ते कळायला मार्ग नसतो. गोळी लपवायची खास पोकळ बिस्किटं चालतात, पण आपल्या उन्हाळ्यात उघडं पाकीट लवकर वाळतं आणि बिस्किट मोडून गोळी वेगळी काढणारी मांजरं थोडी नाहीत.

सिरिंज, सिरप आणि लेव्हेटिरासेटॅम

काही मांजरांना गार्डिनलने गुंगी फार येते, मागचे पाय डळमळतात. पहिल्या दोन आठवड्यांत हे बहुधा ओसरतं, तेवढ्यावरून औषध बंद करू नका. ओसरलं नाही, किंवा एकटं गार्डिनल पुरलं नाही, तर लेव्हेटिरासेटॅम या फिटच्या दुसऱ्या औषधाकडे वळतात. लेव्हिपिल या नावाने ते कुठल्याही मोठ्या मेडिकलमध्ये मिळतं. साधारण डोस किलोला २० मिलिग्रॅम, दर आठ तासांनी. सिरप एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅमचं असेल तर चार किलोच्या मांजराला ०.८ मिलि. किडनीतून बाहेर पडतं, त्यामुळे लिव्हर नाजूक असलेल्या मांजराला सोयीचं. किडनी अधू असेल तर डोस उतरवावा लागतो. मांजराच्या रक्तात ते तीनेक तासांतच निम्म्यावर येतं. गार्डिनलचा एखादा डोस तासभर उशिरा गेला तर निभावतं, इथे नाही. सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा असं घड्याळ लावून बसणारं माणूस घरात असेल तरच हे औषध घ्या. सातपूर-अंबडला शिफ्टमध्ये कामाला जाणाऱ्या घरात दुपारचा डोस हमखास बुडतो. तिथे गार्डिनलच जास्त भरवशाचं. एक्सआर (सावकाश सुटणारी) लिहिलेली गोळी कापायची किंवा कुटायची नाही, सगळं औषध एकदम सुटतं.

सिरपसाठी एक मिलिची, ०.०१ च्या रेषा असलेली साधी ट्युबरक्युलिन सिरिंज मागा आणि सुई काढून टाका. इन्सुलिनची सिरिंज तशीच दिसते म्हणून दुकानदार पुढे करतो. ती घेऊ नका. तिच्यावरचे आकडे युनिटचे असतात. यू-४० च्या सिरिंजमध्ये चाळीस युनिट म्हणजे एक मिलि, यू-१०० मध्ये शंभर. आपल्याकडे दोन्ही मिळतात, आणि घाईत ०.८ चा अर्थ काहीही लावला जातो. साध्या सिरिंजच्या रेषा धुण्याने पुसल्या जातात आणि दट्ट्या अडकायला लागतो, म्हणून डझनभर घ्या आणि दर आठवड्याला बदला. डोसच्या रेषेवर पारदर्शक चिकटपट्टी लावली तर घरातल्या आजींनाही चूक होत नाही. सिरप कडू आहे. तोंडात पुढे सोडलं तर फेसाचा फवारा उडतो आणि डोस भिंतीवर जातो. गालाच्या पिशवीत, मागे, थोडं थोडं सोडा.

माणसांची किंवा कुत्र्याची चिठ्ठी मांजराला चालत नाही, हे इथेच सांगून टाकतो. पोटॅशियम ब्रोमाइड कुत्र्याला देतात. मांजरांच्या फुप्फुसांत त्याने दम्यासारखा त्रास होतो. रोज तोंडाने दिलेलं डायझेपाम काही मांजरांचं लिव्हर काही दिवसांत निकामी करतं. घरात कुणाची एप्टॉइन (माणसांची फिटची गोळी, फेनिटॉइन) चालू असेल तर तिला हात लावू नका, मांजराच्या शरीरातून ती फार सावकाश बाहेर पडते आणि साठून विषबाधा होते. फिटनंतर अंग तापलेलं असतं म्हणून क्रोसिन देणं हा तर सरळ जीव घेण्याचा मार्ग आहे.

वजनकाटा, आणि न घ्यायच्या गोष्टी

डोस किलोवर ठरतो आणि गार्डिनलवरचं मांजर लठ्ठ होतं, म्हणून महिन्यातून एकदा वजन हवंच. स्वतः मांजर घेऊन बाथरूमच्या काट्यावर उभं राहण्यात शे-दोनशे ग्रॅमची चूक सहज होते. प्रवासी बॅग तोलायचा आकड्याचा डिजिटल काटा घ्या: रिकामा कॅरियर एकदा, मांजरासकट एकदा, वजाबाकी करा. स्वस्त आहे आणि दहा ग्रॅमपर्यंत दाखवतो.

कॅरियर वरून उघडणारा, कडक प्लास्टिकचाच. फिटनंतर भेदरलेल्या मांजराला पुढच्या दारातून ओढून काढणं म्हणजे ओरबाडे खाणं. पाठीवरच्या बॅगेत पारदर्शक घुमट बसवलेले ते कॅरियर फोटोत छान दिसतात. एप्रिल-मेच्या उन्हात रिक्षात बसून इंदिरानगरहून गंगापूर रोडला जाताना आतली हवा भट्टीसारखी तापते, आणि तापलेलं शरीर फिटला आणखी भडकवतं. तळाशी जुनी गोधडी, तिच्यावर लघवी शोषणारा पॅड, एवढी गादी पुरते.

शांत करणारे कॉलर, लॅव्हेंडरचे थेंब, फेरोमोनचे (मांजराला शांत करणाऱ्या गंधाचे) प्लग, सीबीडी (भांगेच्या झाडापासूनचं) तेल: यांतलं काहीही फिट थांबवण्याचं औषध नाही. फेरोमोनचा प्लग निदान निरुपद्रवी आहे, दोन मांजरांची भांडणं कमी करायला कधी उपयोगी पडतो. सीबीडी मात्र लिव्हरच्या वाटेने जातं आणि फिनोबार्बिटोनही तिथूनच जातं. डॉक्टरांना न सांगता दोन्ही एकत्र चालवू नका. विक्रेत्याने ‘गोळी बंद करता येईल’ असं म्हटलं की दुकानातून बाहेर पडा. गार्डिनल एकदम बंद केल्यावर जी फिट येते ती आधीच्यापेक्षा वाईट असते.

घरातले बदल बिनपैशाचे आहेत. गॅलरीला जाळी, जिन्याच्या तोंडाशी आडोसा, पाण्याचं भांडं उथळ. वयस्क, साधारण पंधरा वर्षांच्या आसपासच्या मांजरात आवाजाने येणारी फिट बघायला मिळते. फटाका किंवा मिरवणुकीतला ढोल यांच्यावर सगळे दोष ढकलतात, पण तिथे खटका बहुधा बारीक, टोकदार आवाजाचा असतो: चिनी मातीच्या वाटीवर चमचा, चुरगळणारी फॉइल, किल्ल्यांचा जुडगा. अशा मांजराची गोळी पट्टीतून दुसऱ्या खोलीत जाऊन काढा. या प्रकारात लेव्हेटिरासेटॅम फिनोबार्बिटोनपेक्षा सरस ठरतं.

फिट चालू असताना

हात तोंडाजवळ न्यायचा नाही. मांजर जीभ गिळत नाही, पण बोट नक्की फोडतं. कांदा, चप्पल, किल्ल्या हुंगवण्याचा काही उपयोग नाही. आजूबाजूचं फर्निचर सरकवा, दिवा मंद करा, टीव्ही बंद, घड्याळ बघा. घट्ट गुंडाळू नका, अंग आणखी तापतं. इन्सुलिनवरचं मांजर असेल तर फिट थांबल्यावर हिरड्यांना मध चोळा आणि निघा.

फिट वारंवार येणाऱ्या मांजरासाठी घरात तातडीचं औषध ठेवायचं का, हे डॉक्टरांना विचारा आणि डोस कागदावर लिहून घ्या. दोन पर्याय असतात. मिडॅझोलॅमचा नाकातला स्प्रे माणसांसाठी मिळतो. डोस किलोला ०.२ मिलिग्रॅमच्या आसपास धरतात, म्हणजे चार किलोला ०.८. बाटल्यांची ताकद वेगवेगळी असते, त्यामुळे ‘दोन पफ’ हे उत्तर पुरेसं नाही, एका दाबात किती मिलिग्रॅम ते वाचून मगच पफ ठरवायचे. नवी बाटली आधी हवेत काही वेळा दाबून नळी भरून घ्यावी लागते, आणि दाबताना बाटली उभीच हवी. मांजर आडवं असलं म्हणून बाटली आडवी केली की नुसती हवा येते. दुसरा पर्याय गुदद्वारातून डायझेपाम. ते आधीच सिरिंजमध्ये भरून ठेवता येत नाही, कारण औषध प्लास्टिकला चिकटून ताकद कमी होते. काचेचा ॲम्प्यूल रात्री दोन वाजता थरथरत्या हातांनी फोडायचा, ही त्याची खरी अडचण. घरासाठी स्प्रे बरा. दोन्ही औषधं चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत, आणि मिळू नयेत.

चिठ्ठी, लॅब आणि रात्रीचा दवाखाना

गार्डिनलच्या चिठ्ठीवर मालकाचं नाव, ‘मांजर’ हा शब्द, वजन, गोळीची ताकद, महिन्याच्या पंधरा गोळ्या आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक असेल तर मेडिकलवाला खळखळ करत नाही. माणसांच्या दुकानात जनावराची चिठ्ठी बघून आधी नकार येतो. गोळे कॉलनीच्या आसपास अशा चिठ्ठ्या रोजच्याच, तिथे वेळ कमी जातो. पट्टीत दहा दिवसांचा साठा उरला की पुढची आणा. विसर्जनाला मेन रोड आणि शालिमारकडचे रस्ते बंद होतात, सिंहस्थाच्या पर्वण्यांना तर अर्धं शहर. गोळी अशाच दिवशी संपते. डोस चुकलाच तर आठवल्याबरोबर द्या, पण पुढच्या वेळी दुप्पट करू नका.

सुरू केल्यापासून किंवा डोस बदलल्यापासून दोन-तीन आठवड्यांनी रक्तातली फिनोबार्बिटोनची पातळी बघायची, मग दर सहा महिन्यांनी. माणसांच्या लॅब ही तपासणी करून देतात. एका मिलिलिटरला १५ ते ४५ मायक्रोग्रॅम ही साधारण चौकट, बऱ्याच मांजरांचं २० ते ३० मध्ये भागतं. नमुना साध्या लाल बुचाच्या नळीत घ्यायला सांगा. पिवळ्या बुचाच्या नळीत जेल असतं, ते औषध शोषून घेतं आणि रिपोर्ट खोटा कमी येतो. त्या आकड्यावर डोस वाढवला की मांजर गुंगून पडतं.

एमआरआयसाठी मुंबईला जायचं ठरलं तर साधारण १७० किलोमीटर आणि मध्ये कसारा घाट आहे, हे धरून वेळ मागून घ्या. भूल द्यायची म्हणून उपाशी ठेवायला सांगतात. सकाळची गोळी त्यात आपोआप बुडवू नका, भूल देणाऱ्या डॉक्टरांना आदल्या दिवशी स्पष्ट विचारा.

रात्रीच्या दवाखान्याची पारख फिट यायच्या आधी करावी लागते. चोवीस तास अशी पाटी पाहून समाधान मानू नका. दुपारी निवांत फोन करून विचारा: रात्री डॉक्टर जागेवर असतो की फोनवरून येतो? मांजराच्या पायात सलाईनची सुई लावणारं माणूस आहे का? ऑक्सिजन आहे का? इंजेक्शनचं लेव्हेटिरासेटॅम आणि मिडॅझोलॅम फ्रीजमध्ये-कपाटात आज शिल्लक आहे का? साखर तिथल्या तिथे मोजतात का? फिट थांबल्यावर रात्रभर कुणी लक्ष ठेवतं का, की मांजर पिंजऱ्यात ठेवून शटर ओढतात? यांतल्या तीन-चार प्रश्नांना सरळ उत्तर मिळालं तर तो नंबर फ्रिजच्या दारावर चिकटवा. ‘आणा, बघू’ एवढंच ऐकू आलं तर पुढचा नंबर लावा.